इथेनॉलसाठी ऊस, की उसासाठी इथेनॉल?

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने एक आदेश काढला आणि उसाच्या रसापासून थेट इथेनॉल तयार करायला त्या हंगामापुरती बंदी घातली. कारखान्यांचं गाळप तेव्हा ऐन भरात होतं. व्याज सवलतीच्या योजनेतून कर्ज काढून उभारलेल्या नव्याकोऱ्या डिस्टिलऱ्या पहिल्या-दुसऱ्या हंगामात होत्या. पाऊस कमी झालाय, साखर कमी पडेल, निवडणुका तोंडावर आहेत आणि साखर महागायला नको, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. ओरड झाल्यावर आठवडाभरात सरकार थोडं नरमलं आणि १७ लाख टन साखरेइतका ऊस इथेनॉलकडे वळवायला मुभा मिळाली. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी सगळे निर्बंध उठले. कांद्याची निर्यातबंदीही डिसेंबरच्या त्याच आठवड्यातली, हा योगायोग नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

या प्रकरणात कारखानदारांवर अन्याय झाला, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट फारशी कोणी बोललं नाही. ज्या इंधनाला आपण देशाच्या ऊर्जा-स्वावलंबनाचा आधार म्हणतो, ते एका कमी पावसाच्या वर्षाने आणि एका आदेशाने बंद पडू शकतं. साखरेपासून होणाऱ्या इंधनाची चावी साखरेच्या भावाकडे असते आणि साखरेच्या भावाची चावी पावसाकडे व मतपेटीकडे.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. शेतात उभा आहे तो ऊस, त्यातून होणारी जास्तीची साखर आणि कारखान्याच्या मागच्या दाराने निघणारी मळी यांचं इंधन होत असेल तर ते जरूर व्हावं. माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीला आहे. इंधन हवं म्हणून ऊस लावा, ऊस वाढला म्हणून डिस्टिलरीची क्षमता वाढवा, क्षमता वाढली म्हणून आणखी ऊस लावा, या फेऱ्यात आपण शिरतो आहोत. आणि तो फेरा नेमका पाणी नसलेल्या भागात जास्त वेगाने फिरतो आहे.

आधी कारखान्यात काय होतं ते पाहू, कारण ‘उसापासून इथेनॉल’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर मिळते. शेवटपर्यंत साखर काढून झाल्यावर उरते ती ‘सी हेवी’ मळी, टनामागे चाळीस-पंचेचाळीस किलो. तिच्यातून दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. हे इंधन खऱ्या अर्थाने उपपदार्थ आहे, त्यासाठी उसाचं एक कांडंही जादा लावावं लागत नाही. दुसरी वाट ‘बी हेवी’ची. साखर काढण्याची शेवटची फेरी वगळायची, मळीत साखर राहू द्यायची आणि उताऱ्यातल्या, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेच्या प्रमाणातल्या, साधारण दीड टक्क्यावर पाणी सोडून दुप्पट इथेनॉल मिळवायचं. तिसऱ्या वाटेत साखर करायचीच नाही, रस थेट डिस्टिलरीला. मग टनामागे सत्तर लिटर इथेनॉल. तेल कंपन्या या तिन्हींना वेगवेगळा दर देतात: सी हेवीला लिटरला ५७.९७ रुपये, बी हेवीला ६०.७३ आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१. साखर सोडली त्याची भरपाई म्हणून हा चढता दर आहे, हे मान्य. पण व्यवहारात या शिडीचा अर्थ असा निघतो, की जितका जास्त ऊस इंधनासाठी झिजवाल तितके जास्त पैसे.

२०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी हेवी आणि रसाचा रस्ता मोकळा केला, तेव्हा त्याला सबळ कारण होतं. देशात साखरेचे डोंगर साचले होते. जागतिक बाजारात आपली साखर अनुदानाशिवाय खपत नव्हती, आणि अनुदान दिलं म्हणून पुढे २०१९मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं. इकडे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचा १९६६च्या आदेशातला नियम कागदावर आणि शेतकरी कारखान्याच्या दारात, असं चित्र होतं. साखर विकायला वर्ष लागतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपनीकडून काही आठवड्यांत येतात. कारखान्यांच्या हातात रोकड खेळू लागली आणि थकबाकी कमी झाली, हे इथेनॉलचं श्रेय कोणी नाकारू नये. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण जून २०२२मध्ये १० टक्क्यांवर पोहोचलं, २०३०चं २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधीच अलीकडे ओढलेलं होतं, ते २०२५मध्ये गाठलं गेलं. गेल्या दशकभरात लाख कोटींहून अधिक रुपयांचं परकीय चलन वाचल्याचा सरकारचा दावा आहे.

म्हणजे जास्तीची साखर जिरवायला इथेनॉल हा उपाय होता आणि तो लागू पडला. गडबड सुरू होते ती उपायाचंच उद्दिष्ट झाल्यावर.

अशा वेळी हमखास ब्राझीलचं नाव निघतं. ते काढणाऱ्यांनी ब्राझीलची गोष्ट पुरती सांगावी. १९७३च्या तेलसंकटाने कंबर मोडल्यावर तिथल्या लष्करी राजवटीने १९७५मध्ये ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रम सुरू केला. १९७९मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ इथेनॉलवरच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महाग झाली आणि कारखाने साखरेकडे वळले. १९८९-९०च्या सुमारास पंपांवर इथेनॉलच मिळेना. लोकांनी त्या गाड्यांचा असा धसका घेतला की पुढची दहा-बारा वर्षं त्या जवळपास कोणी घेतल्याच नाहीत. २००३मध्ये कोणत्याही प्रमाणातल्या मिश्रणावर चालणारी ‘फ्लेक्स’ मोटार आली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तिथे आज पंपावर उभा राहिलेला माणूस दोन्हींचे भाव बघतो आणि इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून स्वस्त असेल तर ते भरतो, कारण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच मिळते. आपल्याकडे ग्राहकाला तसा पर्याय नाही. पंपावर मिळेल ते भरायचं. नीती आयोगाच्याच २०२१च्या आराखड्यात, जुन्या रचनेच्या चारचाकीचं मायलेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलेलं आहे. पण दर ठरवताना ते कोणी वजा करत नाही.

ब्राझीलच्या गोष्टीतला दुसरा, आणि माझ्या मते निर्णायक भाग पावसाचा आहे. साओ पाउलो राज्याच्या ऊसपट्ट्यात वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बरेच महिने वाटून पडतो. तिथला बहुतांश ऊस पावसावर येतो. आपल्याकडे सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, आणि सोलापूरचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. उसाची भूक दोन ते अडीच हजार मिलिमीटरची. मधली तफावत उजनी धरण, विहिरी आणि बोअर भरून काढतात. उजनीत पाणी येतं ते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर पडलेलं. म्हणजे ब्राझील आकाशातलं पाणी टाकीत भरतो आणि आपण धरणातलं. या दोघांना एकाच नावाने ‘नूतनक्षम’ म्हणणं हीच मुळात फसवणूक आहे. ऊन रोज नवं मिळतं, पण बोअरमधलं पाणी तसं मिळत नाही.

हिशेब एकराचा करू. अडीच हजार मिलिमीटर म्हणजे एकराला जवळपास एक कोटी लिटर पाणी. एकरी चाळीस टन ऊस धरला, सगळा रस डिस्टिलरीला दिला, तर २,८०० लिटर इथेनॉल. भागाकार केला की लिटरला साडेतीन हजार लिटर पाणी येतं. हा आकडा भडक वाटत असेल तर नीती आयोगाचा घ्या, त्यांनी साखरेच्या वाटेने काढलेला आकडा २,८६० लिटरचा आहे. पाणीटंचाईच्या देशात धोरणच लिहिणाऱ्यांनी तो आपल्या हाताने लिहिला आणि पुढच्या पानापासून विसरून गेले.

आणि हे पाणी कसं दिलं जातं तेही बघायला हवं. आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री थ्री फेज वीज, अशी पाळी असलेल्या गावात दारं धरायला माणूस रात्री साडेदहाला शेतात जातो. हातात बॅटरी, पायात गमबूट, बिबट्याच्या भागात दोघं मिळून. एका सरीचं तोंड फोडायचं, पाणी टोकाला पोचेस्तोवर बांधावर बसायचं, ते बुजवून पुढची सरी फोडायची. पहाटे डोळा लागला की पाणी बांध ओलांडून शेजारच्या शेतात. वीज पुन्हा कधी जाईल याची खात्री नसते, म्हणून आज आहे तर आज भरपूर द्यायचं. पिकाला किती लागतं हा प्रश्न त्या अंधारात कोणाच्या डोक्यात येणार? याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी एक रात्र ते करून बघावं. जे फुकट आहे पण बेभरवशाचं आहे, ते माणूस साठवून ठेवतो. शेतात साठवायचं म्हणजे जमिनीत ओतायचं.

फुकट म्हटलं, कारण ते अक्षरशः तसं आहे. २०२४पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. कालव्याची पाणीपट्टी हंगामावर आणि क्षेत्रावर, घनमीटरवर क्वचितच. ६५ रुपये ६१ पैशांच्या लिटरमध्ये उसाचा रास्त दर (केंद्राने ठरवलेला किमान भाव) आहे, तोडणी-वाहतूक आहे, वाफ आहे, कर्जाचं व्याज आहे. साडेतीन हजार लिटर पाण्याची नोंद मात्र शून्य. या हिशेबाने जगातलं कुठलंही इंधन स्वस्त पडेल.

राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात ऊस साधारण चार टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास, हा हिशेब इतकी वर्षं इतक्या अहवालांत आला आहे की आता तो वाचून कोणाची भुवईही हलत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याआधीच्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटलेलीच होती. २०२१-२२च्या हंगामात उलटं झालं. पाऊस चांगला, ऊस अमाप, आणि मराठवाड्यात जून उजाडला तरी फड उभे. एकाच प्रदेशाने सहा वर्षांत रेल्वेने आलेलं पाणी आणि तोडायला माणूस न मिळालेला ऊस, दोन्ही पाहिलं.

आता हवामानाच्या बाजूचं. उसाने हवेतून घेतलेला कार्बन गाडीतून परत हवेत जातो, म्हणजे हिशेब शून्य, असं सांगितलं जातं. खतं, वीज आणि डिझेल वगळलं तर ते बरोबर आहे. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी ३४० किलो नत्राची शिफारस आहे, बरेच शेतकरी त्याहून जास्त टाकतात. ब्राझीलचा शेतकरी साधारण शंभर किलोच्या आत भागवतो. शेतात टाकलेल्या नत्रातला एखादा टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. पेट्रोल वाचल्याने जी बचत होते तिचा सातवा हिस्सा एवढ्यातच जातो. युरिया बनवायला लागणारा गॅस, कोळशाच्या विजेवरचे पंप, डिझेलवरचे ट्रॅक्टर वेगळेच. बचत उरते, नाही असं नाही. पण जाहिरातीत दिसते तेवढी उरत नाही. (पेट्रोल वाचवणारा हा ऊस कारखान्यापर्यंत येतो डिझेलवर, आणि देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे. इथेनॉल त्याला हातही लावत नाही.)

मग एकरभर जमिनीतून गाडीसाठी ऊर्जा काढायचीच असेल तर कशी काढावी? २,८०० लिटर इथेनॉलवर, लिटरला दहा किलोमीटर धरले तर, मोटार २८ हजार किलोमीटर जाईल. त्याच एकरात सौर पॅनेल बसवली तर वर्षाला तीन लाख युनिट वीज होते, कारण एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि तेवढ्यातून पंधराएक लाख युनिट मिळतात. विजेवरची मोटार युनिटला सहा किलोमीटर जाते. म्हणजे अठरा लाख किलोमीटर. फरक साठपटींहून जास्त, आणि पाणी लागतं ते पॅनेल धुण्यापुरतं. वर ही जमीन काळी कसदार असायची गरज नाही, माळरान चालतं. राज्य सरकारच्या सौर कृषिवाहिनी योजनेत अशा जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. एकराला पन्नास हजार, दारं न धरता.

या हिशेबाला उत्तरं आहेत, आणि ती द्यायला हवीत. विजेची मोटार महाग आहे, बॅटरीचे धातू बाहेरून येतात, रात्री सौरवीज नसते, आणि रस्त्यावर आज धावणाऱ्या कोट्यवधी दुचाकी उद्या विजेवर जाणार नाहीत. म्हणूनच मळीचं आणि जास्तीच्या साखरेचं इथेनॉल पुढची पंधरा-वीस वर्षं उपयोगी आहे. पण पंधरा-वीस वर्षांच्या सोयीसाठी नवी धरणं, नवी क्षमता आणि नवं ऊसक्षेत्र उभं करणं हा वेगळा निर्णय झाला. डिस्टिलरी एकदा उभी राहिली की तिची भूक कर्जाच्या हप्त्यांनी ठरते.

खरं तर उसाच्या ऊर्जेतला सर्वांत दुर्लक्षित भाग बगॅसचा आहे. ऊस पिळल्यावर त्याच्या वजनाच्या तीसएक टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, उरतं. जुन्या कारखान्यांत कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसंबसं जाळून टाकत, कारण त्याचं करायचं काय हा प्रश्न असे. उच्च दाबाचे बॉयलर आल्यावर स्वतःची गरज भागवून टनामागे शंभरएक युनिट वीज बाहेर विकता येते. चाळीस टनांची चार हजार युनिट. त्यावर मोटार चोवीस हजार किलोमीटर जाईल, म्हणजे सगळ्या रसाचं इथेनॉल करून मिळतात जवळजवळ तेवढेच, आणि साखर शिल्लक ती वेगळीच. डिस्टिलरीलाही वाफ लागते, त्यामुळे इथेनॉल वाढलं की ही विक्री घटते. तरीही वीज खरेदीचा दर पाडून सहवीज प्रकल्प अडचणीत आणायचे आणि इथेनॉलला मात्र टाळ्या वाजवायच्या, हे कुठलं ऊर्जा धोरण? प्रेसमडपासून (रस स्वच्छ करताना उरणाऱ्या गाळापासून) गॅस, पाचटाचं शेतातच खत, हेही याच रांगेतलं. ही सगळी ऊर्जा असलेल्या उसातून येते, नवा ऊस मागत नाही.

एवढं ऐकल्यावर शेतकरी विचारतो, की मग लावू काय? हा प्रश्न टाळून उसावर लिहिणारे पुष्कळ आहेत. २०२४मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याहून बऱ्याच खाली विकलं गेलं. कांद्याचं वर सांगितलंच. तुरीचे भाव चढले की आयात खुली होते. गारपीट झाली तर द्राक्षबाग एका दुपारीत जाते, ऊस वाकतो पण उभा राहतो. ऊस एकच पीक असं आहे, की ज्याचा दर तोडणीआधीच माहीत असतो, ज्याला गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि ज्याच्यावर सोसायटी डोळे झाकून कर्ज देते. २०२५-२६ला दहा पूर्णांक पंचवीस टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. शेतकरी उसाच्या प्रेमात नाही, तो या खात्रीच्या प्रेमात आहे. उसाला ‘आळशाचं पीक’ म्हणून हिणवणं सोपं आहे, पण तशी खात्री ज्वारी-हरभऱ्याला देऊन बघितली आहे का कोणी?

इथेनॉलमुळे ती खात्री आणखी घट्ट झाली, आणि म्हणूनच ऊस हटणं आणखी अवघड झालं. शिवाय शेतकऱ्याला त्यातला वाटा किती मिळतो? रास्त दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. रंगराजन समितीने २०१२मध्ये साखर आणि प्रमुख उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के शेतकऱ्याला, असं सूत्र मांडलं. इथेनॉलचे पैसे त्या सूत्रात नीट आणि उघडपणे मोजले जावेत यासाठी शेतकरी संघटना अजून भांडताहेत. पाण्याचा खर्च समाजाचा, रात्रीची झोप शेतकऱ्याची, आणि डिस्टिलरीचा ताळेबंद मात्र कारखान्याच्या कपाटात. कोयता घेऊन थंडीत बीडहून आलेल्या जोडप्याचा तर त्यात उल्लेखही नाही. त्यांची उचल मुकादमाकडून, पोरांची शाळा सुटलेली, आणि त्यांनी तोडलेल्या उसाच्या इंधनाला हरित म्हणायचं.

ठिबक हे सगळ्यांचं आवडतं उत्तर आहे. ठिबकने पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचतं आणि उत्पादनही वाढतं, यात शंका नाही. उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७मध्ये घेतलाही. तो कुठे गेला हे विचारण्यात अर्थ नाही. पण समजा उद्या झाली सक्ती. वाचलेल्या पाण्याचं शेतकरी काय करील? शेजारची दोन एकर जिराईत जमीन ओलिताखाली आणील आणि तिथेही ऊस लावील. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. खोऱ्यात पाण्याची एकूण मर्यादा घातलेली नसेल तर ठिबकने ऊस वाढतो, पाणी वाचत नाही.

मर्यादा घालणं आपल्याला नवं नाही. १९८७मध्ये राज्याने आठमाही सिंचनाचं धोरण स्वीकारलं. नव्या कालव्यांचं पाणी आठ महिन्यांच्या पिकांना, बारमाही पिकांना नाही. हेतू हा, की तेच पाणी जास्त शेतकऱ्यांपर्यंत जावं. धोरण कागदावर राहिलं आणि कालव्याच्या मुखाशी ऊस वाढत गेला. त्याही आधी, १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार, भूमिहीनालाही मिळणार, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारनेही उसाला नाही म्हटलं. ही माणसं गरीब राहिली नाहीत. म्हणजे हे होऊ शकतं. फक्त जिथे ते झालं तिथे गावात कारखान्याचा अध्यक्ष राहत नव्हता.

मला विचाराल तर सुरुवात इथेनॉलच्या दरापासूनच व्हावी, कारण तो सरकारच्या हातात आहे आणि कारखान्यांना समजणारी ती एकमेव भाषा आहे. मळीच्या इथेनॉलला सर्वत्र चांगला दर द्या. रसाच्या इथेनॉलला चढा दर द्यायचा तर फक्त त्या खोऱ्यांत द्या, जिथे पाण्याची तूट नाही. कोल्हापूरच्या कारखान्याला आणि धाराशिवच्या कारखान्याला रसाच्या इथेनॉलचा एकच दर मिळणं हे न्याय्य दिसतं, पण त्यातून धाराशिवच्या भूजलाला आपण कोल्हापूरच्या पावसाचा भाव लावतो. तुटीच्या खोऱ्यात नव्या डिस्टिलरीला आणि गाळप क्षमता वाढवायला परवानगी बंद. आणि मोफत विजेवर जो पैसा जातो त्यातला काही भाग ऊस सोडणाऱ्याला थेट एकरी द्या, पहिली पाच वर्षं, खरेदीच्या लेखी हमीसह. मोफत वीज ज्याच्याकडे पाणी आहे त्याला मिळते, हे पैसे जो पाणी सोडतो त्याला मिळतील.

इंधनासाठीच पीक घ्यायचं तर ज्वारी विसरण्यासारखी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर काही दशकं काम केलं आहे. ताटातल्या (खोडातल्या) रसाचं इथेनॉल, कणसाचं धान्य, चिपाडाचा चारा, आणि चार महिन्यांत रान मोकळं. कारखान्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण ज्वारीचं ताट तुटल्यावर फार दिवस ठेवता येत नाही आणि हंगाम छोटा असतो. अडचणी खऱ्या आहेत. पण उसाच्याही अडचणी होत्याच, त्या आपण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२पासून शतकभर पैसा ओतून सोडवल्या. त्याच्या शतांशही ज्वारीच्या वाट्याला आलेलं नाही.

मक्याने हा प्रश्न सुटला असं काही जण म्हणतात. आजघडीला तेल कंपन्यांच्या खरेदीत धान्याचा वाटा मोठा आहे आणि उसाचा तिसऱ्या हिश्शाहून कमी, हे खरं. पण मका इथेनॉलला गेला आणि कोंबड्यांना परदेशातून मागवावा लागला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. उसाचा वाटा घटला म्हणून साखर लॉबी आता २७ आणि ३० टक्के मिश्रण मागते आहे, एवढं इथे पुरे.

त्याहून मोठी मागणी आकाशातून येते आहे. विमानं बॅटरीवर लांब जाऊ शकत नाहीत, त्यांना द्रव इंधनच लागणार. इथेनॉलपासून विमानाचं इंधन करता येतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ला १ टक्का, २०२८ला २ टक्के आणि २०३०ला ५ टक्के अशी उद्दिष्टं केंद्राने जाहीर केली आहेत. मोटारी विजेवर जातील तसं मोकळं होणारं मळीचं इथेनॉल तिकडे वळवता येईल, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत शहाणा उपयोग तोच आहे. पण तसं आपोआप होणार नाही. मोटारींचं मिश्रणही वाढवू आणि विमानांचंही भागवू, असं म्हणत दोन्हींसाठी ऊस मागितला जाईल, आणि युरोपातला खरेदीदार विचारेल की हा ऊस कोणत्या पाण्यावर वाढला. त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी तरी कोणत्या खोऱ्यात, कोणत्या कारखान्याने, किती रस इथेनॉलला दिला आणि त्यामागे किती पाणी गेलं, याचे आकडे दर हंगामाच्या शेवटी साखर आयुक्तालयाने जाहीर करायला सुरुवात करावी. त्याला नवा कायदा लागत नाही. गाळपाचे आणि उताऱ्याचे आकडे हंगामात ते आजही जाहीर करतातच, त्यात पाण्याचा एक रकाना वाढवायचा आहे.